घरच्या दिवशी आलेली मुलगी

लॉरेल फोर्क गावच्या चर्चमध्ये भरणारी शाळा आठवड्यातून दोनच दिवस असायची, मंगळवारी आणि गुरुवारी. बाकीचे दिवस मुलं घरी आईपुढे बसून शिकत. शाळेत बाई धडा समजावून सांगायच्या, घरी काय आणि किती करून घ्यायचं ते आईला कळवायच्या, आणि आई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तेवढं करून घ्यायची. सरकारी शाळेत पोरांना घालायचं नाही, पण सगळंच घरी शिकवायचं तर आपल्याला झेपेल का, अशी धास्ती असलेल्या आयांना ही सोय बरी वाटे. गणवेश फक्त शाळेच्या दिवशी. घरच्या दिवशी कोणी दुपारपर्यंत झोपायच्या कपड्यांतच भागाकार करत बसलं तरी त्याचं कोणाला काही वाटत नसे.

वर्लीन ऑटिंजर या शाळेत तिसरी-चौथीच्या मुलांना शिकवायची. आयुष्यभर तिने सरकारी शाळेत नोकरी केली होती. निवृत्त झाली, त्याच हिवाळ्यात नवरा गेला, मुलगा ओहायोत स्थायिक झालेला. पास्टर हॉयल यांनी शाळेसाठी विचारलं तेव्हा ती विचार करून सांगते म्हणाली खरी, पण गाडीपर्यंत पोचायच्या आतच तिने होकार दिला. वर्ग चर्चच्या तळघरात होता. घडीची टेबलं, लाकडी बाक, कॉफीचा आणि जुन्या भजनपुस्तकांचा वास. खिडक्या होत्या त्या पार छताला टेकलेल्या. बाहेरून पाहिलं तर त्या गवताच्या पातळीला यायच्या, त्यामुळे आत बसलेल्याला बाहेरच्या माणसांची फक्त पावलं दिसत.

बुधवारी वर्लीन एकटीच तिथे यायची, वह्या तपासायला. घरीही तपासता आल्या असत्या, पण तिकडे रेडिओ लावला तरी घर गप्पच वाटायचं. इथे निदान भिंतीवर मुलांची चित्रं होती.

ऑक्टोबरातल्या एका बुधवारी तिने वहीतून मान वर केली, तर दुसऱ्या बाकावर टॅबिथा लेडफर्ड बसलेली होती.

"अगं, तू कधी आलीस?"

"आत्ताच, बाई."

"आई कुठाय?"

"घरी."

वर्लीनला वाटलं, तिच्या आईला, क्रिस्टाला, काही काम निघालं असेल, पोरीला दारात सोडून गेली असेल. एक फोन करायला काय झालं होतं, असंही वाटलं. पण क्रिस्टा लेडफर्डला या वर्षी कोणीच काही बोलत नव्हतं. उन्हाळ्यात तिचं तान्हं बाळ गेलं होतं. एसा त्याचं नाव. रात्री दूध पिऊन निजला तो सकाळी उठलाच नाही. सगळं चर्च जेवणाचे डबे घेऊन त्यांच्या घरी गेलं होतं. नवरा ड्वेन ट्रक चालवायचा, दफन झाल्यावर आठवड्यात पुन्हा रस्त्याला लागला. क्रिस्टाने सप्टेंबरात पोरीला शाळेत आणून सोडलं, केस नीट विंचरलेले, गणवेशाला इस्त्री. "आमचं चाललंय बरं," एवढंच ती सगळ्यांना सांगायची.

"बरं, आलीच आहेस तर वाच," वर्लीन म्हणाली आणि पुस्तक तिच्यापुढे सरकवलं.

टॅबिथा तशी वाचनात अडखळणारी पोर. वेणीचं टोक चघळत बसायची, मध्येच पेन्सिल पाडायची, ओळ चुकायची. त्या दिवशी मात्र ती न थांबता वाचत गेली. आवाज स्वच्छ, शब्द सुटे. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं बरोबर. वर्लीनच्या हातातली लाल पेन्सिल तशीच राहिली. इतक्या वर्षांत असं वाचणारं मूल तिच्या हाताखालून क्वचितच गेलं होतं.

धडा संपल्यावर ती कॉफी आणायला वर गेली. परत आली तेव्हा बाक रिकामा होता. बाहेर खडी अंथरलेली होती, गाडी आली की करकर आवाज व्हायचा. तो आला नव्हता, येतानाही नाही आणि जातानाही नाही. पण हे तिच्या ध्यानात आलं ते बऱ्याच नंतर.

पुढच्या बुधवारी सकाळपासून पाऊस होता. टॅबिथा त्याच बाकावर. अंगात घरातला जुना स्वेटर, आणि पायात घरात घालायच्या गुलाबी लोकरी सपाता.

"या घालून बाहेर पडलीस? आईने पाहिलं नाही वाटतं?"

टॅबिथाने पायांकडे पाहिलं. "घरचा दिवस आहे ना, बाई," ती म्हणाली.

सपाता कोरड्या होत्या. वर्लीनचे स्वतःचे बूट दारापासून इथवर येईस्तोवर फरशीवर चिखल सांडत आले होते. तिने एकदा फरशीकडे पाहिलं, एकदा सपातांकडे, आणि मग, का कोण जाणे, चटकन पुस्तक उघडलं.

त्या दिवशी पास्टर हॉयल जिन्यावरून डोकावले. बोलका माणूस, तळघरात उतरायचा कंटाळा. अर्ध्यावरूनच हाका मारायचे, आणि गावच्या रीतीने तिला मिस वर्लीन म्हणायचे.

"मिस वर्लीन, खाली कोणाचं पोरगं वाचतंय? मघापासून ऐकतोय. माझ्यापेक्षा बरं वाचतं. रविवारी उभं करू का त्याला माझ्या जागी? लोक जागे तरी राहतील."

"लेडफर्डची टॅबी आहे," वर्लीन म्हणाली.

"टॅबी? बघा, तुमच्या हाताला यश आहे," म्हणत ते निघून गेले. म्हणजे त्यांनी ऐकलं होतं. हे वर्लीनला पुढे फार उपयोगी पडलं. आपण खुळावलो नाही, असं स्वतःला सांगायला तिला तेवढाच आधार होता.

गुरुवारी शाळा सुटल्यावर गाड्यांची रांग लागायची. वर्लीन मुलांना एकेका गाडीत बसवून द्यायची. क्रिस्टाची गाडी आली तेव्हा ती खिडकीशी वाकली.

"क्रिस्टा, बुधवारचं अगदी मनाला लावून घेऊ नकोस हं. मला काही त्रास होत नाही. खुशाल पाठवत जा."

"कुठलं बुधवारचं?"

"टॅबीला सोडतेस ना इथे बुधवारी. काल, गेल्या आठवड्यात."

क्रिस्टाने चष्म्याआडून तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे सुजलेले असायचे हल्ली, आता त्यात राग आला. "मिस वर्लीन, बुधवारी माझी मुलगी माझ्यासमोर असते. स्वयंपाकघरात. मी तिला एक मिनिट नजरेआड करत नाही. का करत नाही ते तुम्हाला सांगायला नको."

"अगं पण..."

"दुसऱ्या कोणाची असेल."

मागच्या गाडीने हॉर्न दिला. टॅबिथा मागच्या सीटवर बसून पट्टा लावत होती. तिने या बोलण्याकडे लक्षसुद्धा दिलं नाही. वर्लीनने पाहिलं, पोरीचा चेहरा फिका होता, ओठांच्या कडा कोरड्या पडलेल्या. गाडी निघून गेली.

आठवडाभर तिला झोप नीट लागली नाही. आपलं वय झालं म्हणावं, तर बाकी सगळं तर लख्ख आठवत होतं. बुधवार आला. ती मुद्दाम उशिरा गेली. तळघराचं कुलूप तिने स्वतः उघडलं. दिवा लावला. दुसऱ्या बाकावर, हात मांडीवर ठेवून, टॅबिथा बसलेली होती.

वर्लीन मागे फिरली. वर्गाबाहेरच्या बोळात भिंतीवर फोन होता, तिथून वर्गातला पहिला-दुसरा बाक दिसायचा. तिने लेडफर्डांचा नंबर फिरवला.

"क्रिस्टा, मी वर्लीन. टॅबी काय करतेय?"

"गणित करतेय." क्रिस्टाचा आवाज थकलेला होता. "म्हणजे वही उघडून बसलीय. सकाळपासून त्याच पानावर आहे. का?"

"तुझ्यासमोर आहे?"

"हात लांब केला तर लागेल एवढ्यावर आहे. मिस वर्लीन, हे काय चाललंय?"

"तिला जरा फोन दे. पाढे विचारते."

फोन हातातून हातात गेल्याची खरखर झाली. मग श्वास ऐकू आला, लहान मुलाचा, सावकाश, झोपेतल्यासारखा.

"टॅबी, सात आठे किती?"

फोनमध्ये फक्त श्वास. वर्गात, दुसऱ्या बाकावर, मुलीने मान वळवून बोळाकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "छप्पन्न, बाई."

"काही बोलत नाहीये ती," क्रिस्टा फोनवर म्हणाली. "बुधवारी अशीच असते. ऐकलंत ना? मी ठेवते."

वर्लीनने फोन अडकवला. पळून जावं असं वाटलं, जिना तिथेच होता. पण वर्गात बसलेलं मूल नऊ वर्षांचं होतं, त्याच्या वेणीची रिबीन सुटली होती, आणि ते तिच्याकडे वाट बघत असल्यासारखं बघत होतं. ती आत गेली. रिबीन बांधायला हात पुढे केला आणि मध्येच मागे घेतला.

"पुढचा धडा घेऊ या?" मुलगी म्हणाली.

आणि वर्लीनने घेतला.

इथे वर्लीनने कोणाला तरी सांगायला हवं होतं. पास्टरांना सांगता आलं असतं. पण सांगितलं की ते उतरून येणार, प्रार्थना करणार, आणि बाक रिकामा होणार. नवरा गेल्यापासून कोणी तिची अशी वाट पाहिली नव्हती. मंगळवार-गुरुवारची मुलं गोड होती, पण ती घड्याळाकडे बघायची. ही बघायची नाही. हिला सांगितलेलं एकदाच कळायचं. वर्लीनने तिला मोठे भागाकार शिकवले, वळणदार अक्षर शिकवलं, दाविदाची स्तोत्रं पाठ करून घेतली, वरच्या इयत्तांचा इतिहास सांगितला. घरून लोणी लावलेली मऊ, पावासारखी बिस्किटं आणली तर ती म्हणायची, "नको बाई, आई जेवायला करतेय." रात्री वर्लीन प्रार्थनेला गुडघे टेकायची आणि बुधवारचं सोडून बाकी सगळं देवापुढे मांडायची.

मात्र मंगळवारी वर्गात येणारी टॅबिथा आठवड्यागणिक विझत चालली होती. आधी तिने वेणी चघळणं सोडलं. मग पेन्सिल पाडणं. मग खेळायच्या सुट्टीत ती भिंतीला टेकून नुसती उभी राहायला लागली. एकदा शेजारची मुलगी हात वर करून म्हणाली, "बाई, टॅबीला हाक मारली तर तिला ऐकूच येत नाही." वर्लीनने जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. पोरीने वर पाहिलं, पण तिची नजर वर्लीनपर्यंत पोचली नाही. तिला वाचायला दिलं, तर ती अक्षरांकडे बघत राहिली. भागाकार तर सोडाच, बेरीज येईना. बुधवारी जे जे शिकवलं ते सगळं इथून कमी झालं होतं. वर्लीनला हे कळायला एका नजरेचा वेळ लागला, आणि ते कबूल करायला आणखी एक आठवडा.

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या गुरुवारी शाळा सुटल्यावर क्रिस्टा गाडीतून उतरून आत आली. आपण काय बोलायचं ते ठरवून आली होती, पण खुर्चीत बसली आणि ते सगळं सुटलं.

"डॉक्टरला दाखवलं. रक्त तपासलं, कान तपासले. काही नाही म्हणतात. दुःख आहे म्हणतात, वेळ द्या." तिने बोटातली अंगठी फिरवली. "मिस वर्लीन, ती घरात असते पण नसते हो. खुर्चीवर कोट टाकून ठेवावा तशी बसलेली असते. आधी फक्त बुधवारी असायची. आता सोमवारी, शुक्रवारीही. काल मी तिला जेवायला हाक मारली, ती आली, जेवली, आणि मला वाटलं मी दुसऱ्याच कोणाला तरी वाढतेय."

"घरी तू तिला शिकवतेस कशी?" वर्लीनने हळूच विचारलं.

"तुम्ही सांगता तसं."

"तसं नाही. तू काय बोलतेस तिच्याशी?"

"पान उघडून देते," क्रिस्टा म्हणाली. "बोट ठेवते. मग खिडकीशी बसते. बोलायला लागले की रडू येतं, आणि तिच्यासमोर रडायचं नाही असं मी ठरवलंय. आधी मी पाढेसुद्धा गाऊन घ्यायचे. आता घरात आवाज काढायचा नाही, असं आम्हा दोघींचं न बोलता ठरून गेलंय. एसाची खोली बंद आहे. त्याचं नाव आम्ही घेत नाही."

वर्लीनच्या तोंडाशी सगळं आलं होतं. तरी ती तेव्हा बोलली नाही. आणखी एकदा बघू, एकदा विचारू, असं तिने मनाशी म्हटलं. खरं तर तिला आणखी एक बुधवार हवा होता.

तो बुधवार आला. वर्लीनने पुस्तक उघडलंच नाही. ती मुलीसमोरच्या बाकावर उलटी बसली.

"टॅबी, तू इथे का येतेस?"

"इथे तुम्ही बोलता," मुलगी म्हणाली.

"घरी आई आहे ना."

"आई खिडकीत असते." तिने हे तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. "मी हाक मारून पाहिली. मग मी इथे आले. आधी जेवायच्या वेळी परत जायचे. आता नाही जात, बाई. तुम्ही दिवा बंद करून गेलात तरी मी इथेच असते."

"रात्रीसुद्धा?"

"हो. उद्या मंगळवारची मुलं येतात तेव्हा मागे उभी राहते. ती पण येते ना, माझ्यासारखी. तिच्यात आता जायला जमत नाही नीट. घट्ट होतं."

उद्या गुरुवार होता, तोही सणाचा; मुलं येणारच नव्हती. वारांचा हिशोब तिच्यातून निघून गेला होता.

वर्लीन त्या दुपारी घरी गेली नाही. ती थेट लेडफर्डांच्या घरी गेली, टेकडीमागच्या वळणावर. क्रिस्टाने दार उघडलं. स्वयंपाकघरात टेबलाशी टॅबिथा बसली होती, पायांत गुलाबी सपाता, समोर उघडी वही. दार वाजलं तरी तिने मान वळवली नाही. वर्लीनने बाहेर पायरीवर उभं राहून क्रिस्टाला पहिल्यापासून सगळं सांगितलं. सपाता, फोन, पाढा, भागाकार. काही राखून ठेवलं नाही.

ऐकून झाल्यावर क्रिस्टा म्हणाली, "किती आठवडे?"

"ऑक्टोबरापासून."

"आणि तुम्ही तिला शिकवत होतात." तिचा आवाज फार खाली गेला. "माझी पोर इथे वाळत होती आणि तुम्ही तिला तिकडे स्तोत्रं शिकवत होतात. तुम्हाला मूल हवं होतं म्हणून."

"हो," वर्लीन म्हणाली.

क्रिस्टाने दाराच्या चौकटीला धरलं. ती दार लावून घेणार असं वाटलं. पण तिने वळून आत, टेबलाशी बसलेल्या मुलीकडे पाहिलं, आणि ते बघताना तिचा राग निघून जाऊन तिथे नुसती भीती उरली. उन्हाळ्यातली ती सकाळ तिला आठवली असणार.

"मी काय करू?" ती म्हणाली.

"पुढच्या बुधवारी मी तिला आत घेणार नाही, तिच्याशी एक शब्द बोलणार नाही; ती माझ्या बोलण्यावर येते. काहीही झालं तरी. तेव्हा तू इथून हाक मार. लांब गेलेल्याला मारतात तशी. रडू आलं तर रड. बाळाचं नाव घे. पण थांबू नकोस."

थँक्सगिव्हिंग झालं. पुढच्या बुधवारी बारीक गारांचा पाऊस पडत होता. वर्लीन पहाटेच तळघरात आली. रात्री इथेच असते असं मुलगी म्हणाली होती, तेव्हा आधी तिला बाहेर काढणं आलं. दिवा लावला, ती दुसऱ्या बाकावर होतीच. वर्लीन दाराशी गेली, दार उघडून धरलं आणि म्हणाली, "चल, जरा बाहेर जाऊ या." मुलगी विश्वासाने उठली. तिने वर्लीनच्या हातात हात दिला. हात बर्फासारखा नव्हता, काहीच नव्हता, हवेला धरल्यासारखा होता. बाहेरच्या पायऱ्या चढून दोघी गवतावर आल्या. मग वर्लीनने तो हात सोडला, खाली उतरली, दार लावलं आणि आतून कडी घातली.

ती बाकावर बसली. दोन्ही हात टेबलाच्या कडेला धरले.

"बाई?"

वरच्या खिडकीत पावलं आली. गुलाबी सपाता, गवतावर शेजारीशेजारी ठेवल्यासारख्या.

"बाई, दार लागलंय."

वर्लीनने ओठ घट्ट मिटले. सपाता दुसऱ्या खिडकीशी गेल्या, मग तिसऱ्या. काचेवर बोटांनी वाजवल्याचा आवाज झाला. घाबरलेला नव्हता तो आवाज, शहाणा होता. चूक झाली असेल, आत्ता उघडतील, असा.

"बाई, मी धडा पाठ केलाय. म्हणून दाखवू?"

आणि तिथे, गारांत उभी राहून, ती स्तोत्र म्हणायला लागली, वर्लीनने शिकवलेलं, जिथे थांबायला शिकवलं होतं तिथे थांबत. वर्लीन उठली. दाराशी गेली. कडीवर हात ठेवला. तिच्या तोंडून "माझं बाळ" असे शब्द निघाले आणि ते ऐकून तीच दचकली. तिने हात काढला आणि दाराला पाठ लावून खाली फरशीवर बसली.

स्तोत्र मध्येच थांबलं. बराच वेळ काही नाही. वर्लीनने मान वर करून पाहिलं. सपाता अजून खिडकीत होत्या. पण आता त्यांचा रंग बदलत होता. टाचेकडून पुढे गडद होत चालला होता. त्या भिजत होत्या. लोकर चिकटून बसली, गवताची पाती त्यांना लागली, आणि पहिल्यांदाच त्यांच्याखाली गवत दबलेलं दिसलं. एक पाऊल वळलं. मग दुसरं. रस्त्याच्या बाजूला ती दोनचार पावलं गेली, पळत, आणि खिडकीच्या चौकटीबाहेर निघून गेली.

बोळातला फोन वाजला तेव्हा वर्लीन फरशीवरून उठली.

क्रिस्टा रडत होती, मोठ्याने, आवाज न आवरता. पाठीमागे आणखी कोणी रडत होतं. "बोलली," ती म्हणाली. "मी एसाच्या खोलीचं दार उघडलं, तिला आत नेलं, त्याचं पांघरूण दाखवलं. सगळं सांगितलं, त्या सकाळचं. मग नुसती हाका मारत सुटले. ती एकदम थरथरायला लागली आणि म्हणाली, आई, मला थंडी वाजतेय." ती श्वास घ्यायला थांबली. "मिस वर्लीन, तिचे पाय भिजलेत. सपाता चिंब आहेत. ती खुर्चीवरून उठली होती ती फक्त त्या खोलीपर्यंत. सपातांना गवत चिकटलंय."

"गरम पाण्यात पाय ठेव तिचे," वर्लीन म्हणाली.

टॅबिथा दोन आठवडे तापाने निजून होती. नाताळच्या सुट्टीनंतर ती शाळेत आली ती वेणी चघळत. वाचताना ओळ चुकली. भागाकार येत नव्हते, ते पुन्हा पहिल्यापासून शिकवावे लागले. मधल्या सुट्टीत तिने एका मुलीला ढकललं आणि त्यावरून दोघींना उभं करावं लागलं. क्रिस्टा तिला सोडायला येताना गाडीत मोठ्याने पाढे गायची, खिडक्या बंद असूनही ऐकू यायचं, आणि कधी कधी ती रडलेली असायची, ते आता लपवत नव्हती. ड्वेनने लांबच्या फेऱ्या सोडून जवळच्या घेतल्या.

वर्लीनने बुधवारी तळघरात यायचं बंद केलं. वह्या ती घरी नेऊ लागली. पास्टरांनी एकदा विचारलं, "तो बुधवारचा आवाज ऐकू येत नाही हल्ली?" तेव्हा ती म्हणाली, "ती घरी शिकते आता." तेवढ्यावर ते समाधानी झाले.

फेब्रुवारीत एकदा शाळा सुटल्यावर टॅबिथा मागे रेंगाळली. सगळी मुलं वर गेली होती. ती दप्तराचा पट्टा धरून दाराशी उभी राहिली.

"बाई, तुम्ही आत होतात ना?"

वर्लीन फळा पुसत होती. तिने डस्टर खाली ठेवलं. "हो," ती म्हणाली.

"मला ऐकू येत होतं तुम्ही आत आहात ते. मला खूप थंडी वाजत होती."

"माहीत आहे मला, टॅबी. मी उघडलं असतं तर तू घरी गेली नसतीस."

टॅबिथाने यावर विचार केला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण वर्लीनला जे बघायला हवं होतं तेही तिथे नव्हतं. "आई पण असंच म्हणाली," ती म्हणाली, आणि जिना चढून गेली.

त्यानंतर ती वर्लीनजवळ कधी आली नाही. विचारलं तर उत्तर द्यायची, सांगितलं तर करायची, पण मागच्या बाकावर जाऊन बसली, आणि वर्लीन टेबलाजवळून गेली की पाय आपोआप बाकाखाली ओढून घ्यायची. मे महिन्यात शाळा संपली. शेवटच्या दिवशी क्रिस्टा सफरचंदाच्या मुरांब्याची बाटली घेऊन आली, वर्लीनला मिठी मारून बराच वेळ तशीच उभी राहिली. टॅबिथा गाडीत बसून होती. वर्लीनने हात हलवला. पोरीनेही हलवला, नीट शिकवल्यासारखा, आणि मग काच वर केली.

पुढच्या वर्षी ती वरच्या वर्गात, दुसऱ्या बाईंकडे गेली. तिथे ती ठीकठाक शिकली, फार हुशार नाही, फार मागे नाही. वर्लीन मंगळवारी आणि गुरुवारी शिकवत राहिली. पावसाळी हवेत खिडक्यांत कोणाची पावलं आली की ती शिकवता शिकवता थांबायची, मुलंही मग वर बघायची, आणि ती फुलांच्या कुंड्या आत नेणाऱ्या चर्चच्या बायांची पावलं निघायची. मग ती धड्याची ओळ शोधून पुढे वाचायला लागायची.